गोळी लागू पडते, मग उलटते

लेखमाला : झोपेचं खोबरं
लेखांक अकरावा

गेल्या आठवड्यात रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमची, म्हणजे आरएलएसची ओळख करून घेतली. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात. संध्याकाळ कलली आणि निवांत बसलं किंवा अंथरुणाला पाठ लावली की पोटऱ्यांच्या आत खोलवर काहीतरी वळवळतं, शिवशिवतं, ओढतं. पाय हलवल्यावाचून राहवत नाही. उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा सुरू. सकाळी मात्र पाय शहाण्यासारखे वागतात. निदान होतं ते एवढ्या हकिगतीवरच. पायात गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा कडक होतो आणि जीव जातो. तो प्रकार वेगळा. मधुमेहात तळपायांची आग होते, तीही चालल्याने थांबत नाही. व्हेरिकोज व्हेन्समुळे दिवसभर उभं राहून पाय जड होतात आणि पाय वर करून पडलं की आराम वाटतो, म्हणजे आरएलएसच्या बरोबर उलट.

आज पुढचा प्रश्न. हा त्रास वर्षानुवर्षं सोबत राहतो तेव्हा काय करायचं?

‘बरा होतो का?’ या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. गरोदरपणात सुरू झालेली वळवळ बहुतेकींच्या बाबतीत बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरते. शरीरातलं लोह कमी झाल्यामुळे आलेली लोह भरून काढल्यावर पुष्कळदा जाते. पण ज्यांच्या आईला किंवा आजीलाही हाच त्रास होता आणि स्वतःला तो विशी-तिशीत सुरू झाला, त्यांच्या बाबतीत तो सहसा कायमचा मुक्कामाला आलेला असतो. मधूनच महिना-दोन महिने गप्प बसतो, परत येतो, वयाबरोबर थोडा थोडा वाढतो. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आधीच सांगितलेलं चांगलं. कारण ज्या आजाराशी वीस-तीस वर्षं संसार करायचा आहे, त्याचा उपचार ‘आज रात्री झोप लागली पाहिजे’ एवढ्याच हिशेबाने ठरवला तर पुढे फसगत होते. ती कशी होते ते सांगणं हाच या लेखाचा मुख्य हेतू. पण त्याआधी लोह.

या आजाराला आधुनिक वैद्यकात जागा मिळवून दिली ती स्वीडनचे मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी, १९४५ सालच्या प्रबंधात. लोहाच्या कमतरतेशी त्याचं नातं आहे हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. १९५३ साली नॉर्डलँडर या स्वीडिश डॉक्टरांनी अशा रुग्णांना शिरेतून लोह दिलं आणि बहुतेकांचे पाय शांत झाले. रक्तातलं लोह ठीक दिसत असलं तरी आतल्या पेशींना ते अपुरं पडत असेल, असा त्यांचा कयास होता. त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक हा धागा कुणी पुढे नेला नाही. २००० सालच्या आसपास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आरएलएसच्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. रक्तातलं लोह ठीकठाक असतानाही त्या पाण्यात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, कमी सापडलं. पुढे एमआरआयमध्ये आणि मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंतही तेच दिसलं. नॉर्डलँडर बरोबर होते. डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, त्यामुळे मेंदूतलं लोह घटलं की डोपामिनचं रोजचं तंत्र बिघडतं. डोपामिनचं काम चोवीस तासांच्या तालात कमी-जास्त होत असतं, म्हणून हा आजार घड्याळ बघून येतो.

रिपोर्ट वाचताना गफलत होते ती इथेच. हिमोग्लोबिन १२ आहे म्हटल्यावर घरात सगळे निश्चिंत होतात. पण हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी उतरतं. त्याच्या कितीतरी आधी साठा रिकामा झालेला असतो. म्हणून फेरिटिन तपासायचं. तिथेही मेख आहे. लॅबच्या कागदावर फेरिटिनची किमान मर्यादा दहा-पंधराच्या आसपास छापलेली असते. एखाद्या बाईंचं फेरिटिन २२ आलं तर त्या आकड्याखाली ठळक रेघ येत नाही, आणि डॉक्टरही ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद परत देतात. आरएलएससाठी मात्र हिशेब वेगळा. मोठ्या माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह द्यावं, असं आजचे मार्गदर्शक निकष सांगतात. ७५ ते १०० च्या दरम्यान असेल तर गोळ्यांनी काही साधत नाही, शिरेतून दिलेल्या लोहाचाच उपयोग होण्याची शक्यता असते. लहान मुलांसाठी ७५ च्या जागी ५० हा आकडा धरतात.

तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर एक-दोन दिवस आधी थांबवाव्यात. आणि ताप, संधिवाताची उसळी किंवा कुठलीही सूज असताना फेरिटिन फसवं वाढलेलं दिसतं, म्हणून सॅच्युरेशन सोबत बघायचंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. ही झाली शेवटच्या पायरीवर पोचलेल्यांची मोजणी. साठा संपत आलेल्या पण अजून रक्तक्षयाच्या व्याख्येत न बसणाऱ्या बायका यात नाहीत. रात्री पोटऱ्या ओढतात म्हणून नातवंडांकडून पाय तुडवून घेणाऱ्या आज्या, पोटऱ्यांना ओढणी घट्ट बांधून झोपणाऱ्या आया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ‘दिवसभराची दगदग’ किंवा ‘वात’ म्हणून तो विषय घरातच मिटतो. त्या सगळ्यांना आरएलएस होता असं मी म्हणत नाही. पण त्यांतल्या कितीजणींचं फेरिटिन कधी तपासलं गेलं असेल?

लोह घ्यायचं ठरलं तर काही साध्या गोष्टी. गोळी चहाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा पिऊन घेतली तर ती जवळजवळ वाया जाते. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी काही तासांच्या अंतराने. रोज दोनदा घेण्याऐवजी दिवसाआड एकदा घेतली तर त्या गोळीतलं लोह शरीरात जास्त प्रमाणात शोषलं जातं, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि पोटही कमी बिघडतं. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नये. फरक पडायला तीन महिने धरा. गूळ, खजूर, अळीव, लोखंडी तवा हे सगळं चांगलंच, घरात असावंच. पण २२ वरचं फेरिटिन खजुराने ७५ वर चढत नाही.

गोळ्या सोसत नसतील किंवा फरक पडत नसेल तर शिरेतून लोह. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे त्यातलं सर्वांत जास्त पुरावा असलेलं औषध, आपल्याकडेही मिळतं. सलाइनमधून अर्ध्या-पाऊण तासात जातं, पण परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागू शकतो. चांगला लागू पडला तर कित्येक महिने टिकतो. क्वचित अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून ते दवाखान्यात, देखरेखीखालीच घ्यायचं. काहींचं रक्तातलं फॉस्फेट उतरतं. तपासणी न करता ‘ताकदीचं’ म्हणून लोह टोचून घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. शरीरातलं जादा लोह बाहेर टाकायला वाट नसते, आणि सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असताना लोह देऊ नये.

आणि लोह का कमी झालं, हा प्रश्न सोडायचा नाही. पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, जठरातला व्रण, पोटातले जंत, वरचेवर केलेलं रक्तदान. पन्नाशीनंतरच्या पुरुषाचं लोह विनाकारण उतरलं असेल तर आतड्यांची तपासणी होईपर्यंत स्वस्थ बसू नये. तिथे पायांची वळवळ हा सर्वांत छोटा प्रश्न असू शकतो.

आता त्या फसगतीकडे.

१९८२ साली तुर्कस्तानचे डॉक्टर आकपिनार यांनी पार्किन्सनच्या आजारावरचं लेव्होडोपा आरएलएसच्या रुग्णांना दिलं आणि पाय त्याच रात्री शांत झाले. पुढे त्याच घराण्यातली, डोपामिनची नक्कल करणारी औषधं आली. अमेरिकेत रोपिनिरोलला २००५ साली आणि प्रॅमिपेक्सोलला २००६ साली या आजारासाठी मान्यता मिळाली. वर्षानुवर्षं घरात येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला इवलीशी गोळी घेतल्यावर पहिल्याच रात्री गाढ झोप लागते, तेव्हा त्याला डॉक्टर देवासारखे वाटतात. (काहींना भीतीही वाटते, कारण घरी येऊन गोळीचं नाव शोधलं की ‘पार्किन्सन’ हा शब्द समोर येतो. आरएलएस म्हणजे पार्किन्सनची सुरुवात नव्हे. औषध सामाईक आहे, आजार नाही.)

पण गोळीचं हे सुख सावकाराच्या कर्जासारखं निघतं. वर्ष, दोन वर्षं, कधी पाच वर्षं मजेत जातात. मग रात्री दहाला येणारी वळवळ सातला येऊ लागते. डॉक्टर गोळी थोडी वाढवतात, पुन्हा बरं वाटतं. काही महिन्यांनी दुपारी चारला सुरू होते, पुन्हा गोळी वाढते. पूर्वी अर्धा तास बसल्यावर त्रास व्हायचा, आता पाच मिनिटांत होतो. पायांपुरतं होतं ते हातांत शिरतं. याला वैद्यकात ‘ऑगमेंटेशन’ म्हणतात. लेव्होडोपाच्या बाबतीत ते १९९६ साली अ‍ॅलन आणि अर्ली यांनी तपशिलाने मांडलं. नंतरच्या औषधांत ते होत नसेल, अशी आशा होती. ते होतंच, फक्त सावकाश. डोपामिनची नक्कल करणाऱ्या या गोळ्या घेणाऱ्यांत दरसाल शंभरातल्या सात-आठ जणांना ते गाठतं असं दीर्घकाळच्या अभ्यासांत दिसलं आहे. दहा-पंधरा वर्षांचा हिशेब मांडला तर बहुतेकांची पाळी येते.

खरी मेख अशी की हे सगळं आजार वाढल्यासारखंच दिसतं. रुग्णाला तसं वाटतं, डॉक्टरलाही. आणि दरवेळी डोस वाढवला की थोडे दिवस उतार पडतो, त्यामुळे वाढवणं बरोबरच होतं असा दाखला मिळत जातो. जो आजाराला तेल घालतो आहे, तोच उतारा म्हणून दिला जातो. म्हणून या गोळ्या घेणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी स्वतःला विचारावं. त्रास पूर्वीपेक्षा लवकरच्या वेळी सुरू होतो का? बसल्यावर पूर्वीपेक्षा लवकर येतो का? हातांत, कमरेत पसरला का? गोळीचा अंमल कमी वेळ टिकतो का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर गोळी वाढवून मागू नका, या चार ओळी डॉक्टरांना दाखवा.

दुसरा धोका घरच्यांनी ओळखायचा असतो. या औषधांमुळे काही जणांचा स्वतःवरचा ताबा सुटतो. ज्यांनी कधी पत्ते हातात धरले नाहीत ते मोबाइलवर रमीत पैसे घालवू लागतात, कुणी रात्री दोनला खरेदी करत बसतं, कुणी सारखं खातं, कुणाची कामवासना आवरेनाशी होते. माणूस हे लाजेने लपवतो आणि गोळीशी त्याचा संबंध असेल असं त्याच्या स्वप्नातही येत नाही. औषध लिहून देताना डॉक्टरांनी हे नवरा-बायको दोघांसमोर सांगायला हवं. सांगितलं जात नाही, हा माझा स्पष्ट आक्षेप आहे.

अमेरिकेतल्या झोपविज्ञानाच्या अकादमीने २०२५ साली निकष सुधारले आणि लेव्होडोपा, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटिन यांचा नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये असं सुचवलं. ज्या गोळ्या काल पहिल्या पसंतीच्या होत्या त्या आज मागच्या बाकावर गेल्या. याचा अर्थ त्या चालू असतील तर उद्यापासून बंद करा, असा अजिबात नाही. एकदम थांबवल्या तर आजार सूड उगवतो. कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरं औषध आधी सुरू करून, लोह भरून काढून, डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो. शेवटच्या टप्प्यात आठवडा-पंधरवडा हाल होतात, ते धरूनच चालायचं. मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं असताना हा उद्योग काढू नये.

त्यांच्या जागी आता गॅबापेंटिन आणि प्रिगॅबॅलिन आली आहेत. नसांच्या दुखण्यावरची ही औषधं आपल्याकडे सर्रास लिहिली जातात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या, वर्षभर चाललेल्या चाचणीत प्रिगॅबॅलिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २ टक्क्यांना ऑगमेंटेशन झालं, तर प्रॅमिपेक्सोलच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या डोसवर जवळपास ८ टक्क्यांना. पहिल्या रात्रीची जादू यांच्यात नाही. डोस हळूहळू वाढवत नेल्यावर गुण येतो. तोटे आहेतच. चक्कर, गुंगी, वजन वाढणं, पायांवर सूज, काहींना उदासी. रात्री बाथरूमला उठणाऱ्या सत्तरीच्या माणसाचा तोल जाणं ही साधी गोष्ट नव्हे. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर आधी ते सांगा. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांच्याबरोबर ही औषधं घेऊ नयेत.

यांनीही भागत नाही अशा थोड्या रुग्णांसाठी अफूवर्गातली औषधं अगदी कमी डोसात वापरली जातात. गंमत अशी की या आजाराचं पहिलं वर्णन ज्यांनी १६७२ साली केलं, ते इंग्लंडचे थॉमस विलिस हेही अफूचा अर्कच देत होते. साडेतीनशे वर्षांनी वैद्यक फिरून तिथेच आलं आहे. व्यसनाची आणि श्वास मंदावण्याची जोखीम असल्यामुळे आपल्याकडे ती कडक नियमांखाली आणि जाणत्या तज्ज्ञाच्या हातूनच मिळतात, आणि ते योग्यच आहे. पायाच्या बाजूच्या नसेला विजेच्या सौम्य लहरी देणारा पट्टा अमेरिकेत २०२३ पासून मान्य आहे. निकषांत त्याचंही नाव आहे.

पण नवं औषध जोडण्याआधी जुनी काढता येतात का, हे बघणं स्वस्त आणि पुष्कळदा जास्त गुणकारी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत आणि खोकल्याच्या कित्येक औषधांत क्लोरफेनिरामिन असतं, ते आरएलएस भडकवतं. खाज आणि अ‍ॅलर्जीवरच्या, गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्याही तशाच. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड तर हमखास. ‘पाय दुखतात आणि झोप नाही’ म्हटल्यावर आपल्याकडे अ‍ॅमिट्रिप्टिलिन लिहून देण्याची पद्धत आहे. खऱ्या आरएलएसमध्ये ते आगीत तेल ठरू शकतं. नैराश्यावरच्या इतर काही गोळ्यांनीही त्रास वाढतो, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत. मनोविकारतज्ज्ञांशी बोलून बदलता येतात.

राहता राहिलं रोजचं जगणं. संध्याकाळचा चहा-कॉफी सोडून बघा, निदान दोन आठवडे. ‘थोडी घेतली की झोप लागते’ हे आरएलएसवाल्याने म्हणू नये. दारूने झोप लागते आणि दोन तासांनी पाय उठवतात. रोजचं चालणं चांगलं, पण एका दिवसात गड चढून आल्यावर रात्र वाईट जाण्याची तयारी ठेवा. गरम पाण्याची बादली, काहींना उलट गार पाणी, पोटऱ्या चेपून घेणं, ओढणी बांधणं, या सगळ्याने तात्पुरता आराम पडतो आणि त्यात गैर काही नाही. मन गुंतलं की वळवळ मागे सरते, हा पुष्कळांचा अनुभव. म्हणून रात्री टीव्हीसमोर नुसतं बसण्यापेक्षा शब्दकोडं, क्रोशाचं विणकाम, पत्त्यांचा डाव बरा. नाटकाला कडेची खुर्ची, एसटीत मधल्या वाटेकडची सीट, रात्रीच्या बसऐवजी पहाटेची, ही निवड करताना ओशाळायचं कारण नाही.

दोन गोष्टी मात्र घराने शिकायच्या आहेत. सकाळची झोप या रुग्णांची सर्वांत चांगली झोप असते, कारण तेव्हा पाय शांत असतात. चारला डोळा लागलेल्या सुनेला सहाला उठवून ‘आळशी’ म्हणणाऱ्या घरात कुठलंही औषध पुरं पडणार नाही. ज्यांना नोकरीची वेळ उशिराची करून घेता येते त्यांनी ती करून घ्यावी. दुसरी गोष्ट मुलांची. जेवायला बसलेलं पोर पाय हलवतं म्हणून ‘लक्ष्मी जाते’ असं दटावण्याची आपली रीत. ते पोर रात्री पाय दाबून मागत असेल, अभ्यासाला बसवत नसेल आणि आईलाही हाच त्रास असेल, तर दटावण्याऐवजी त्याचं फेरिटिन बघा.

शेवटी दवाखान्यात भरती होण्याची वेळ. ऑपरेशनमध्ये रक्त जातं, दिवसभर आडवं पडून राहावं लागतं, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड टोचलं जातं, आणि नेहमीची संध्याकाळची गोळी ‘उपाशी ठेवलंय’ म्हणून चुकते. चारही गोष्टी एकाच रात्री जमून आल्या की माणूस पलंगावरून उतरून वॉर्डभर फिरू लागतो. नर्सला वाटतं भ्रम झालाय, आणि शांत करण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनांपैकी काही पुन्हा हा त्रास वाढवणारीच असतात. म्हणून भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा त्यांना स्वतःहून सांगा : मला आरएलएस आहे, माझी गोळी अमुक वाजता लागते, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन किंवा डोम्पेरिडोन चालतं, मेटोक्लोप्रमाइड नको, आणि परवानगी मिळेल तेव्हा लगेच मला चालू द्या. हे एका कागदावर लिहून केसपेपरला टाचून ठेवलेलं जास्त चांगलं, कारण रात्रपाळीला माणसं बदलतात.

(पुढील लेखांकात : डायलिसिसच्या खुर्चीवरचे चार तास आणि गरोदरपणातले शेवटचे तीन महिने)